नोकरी गेली? मग आजारी पडू नका!

जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात औषधपाण्याची सोय ऑफिसच्या आयकार्डाला बांधलेली आहे. कार्ड परत केलं की सोय संपली. याच भांडणापायी २०२५ मध्ये अमेरिकेचं सरकार ४३ दिवस बंद पडलं. नेमका घोळ आहे तरी काय?

अमेरिकेत नवी नोकरी घेताना माणूस पहिला प्रश्न पगाराचा विचारतो आणि दुसरा इन्शुरन्सचा. घरात कुणाला डायबेटिस असेल, बाळ व्हायचं असेल किंवा कुणाची केमो चालू असेल, तर हा क्रम उलटा होतो. पगार थोडा कमी चालेल, बॉस खडूस असला तरी चालेल, पण पॉलिसी चांगली हवी!

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणाऱ्या आपल्या मंडळींना हे गणित तोंडपाठ असतं. एच-१बी व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली, की साधारणपणे साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. व्हिसाचं हे टेन्शन इकडच्या नातेवाइकांनाही ठाऊक असतं. पण त्याच सुमारास अख्ख्या घराचा आरोग्य विमाही जातो, हे पुण्या-मुंबईत बसून सहसा लक्षात येत नाही. आणि यात परदेशी असण्याचा काही संबंध नाही बरं का. ओहायोत जन्मलेल्या, तीन पिढ्या तिथेच राहिलेल्या माणसाचंही अगदी तेच होतं.

पासष्टीच्या आतल्या पंधरा कोटींहून जास्त अमेरिकनांचा विमा असा स्वतःच्या नाहीतर घरातल्या कुणाच्या तरी नोकरीतून येतो. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सरकारी आरोग्य सेवा आहे. कॅनडात प्रत्येक प्रांताची स्वतःची योजना आहे. तिथे लेऑफ झाला, तर पगार बंद होतो, डॉक्टर नाही. अमेरिकेत दोन्ही एकदम बंद होतात.

तिथल्या राजकारणातली आरोग्याची सगळी भांडणं उकलत गेलं, की तळाशी एकच समजूत सापडते : उपचार ही काम करण्याची बक्षिसी आहे. ही समजूत जन्मली अपघाताने. तिची किंमत मात्र सगळा देश मोजतोय. आणि २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने तीच समजूत आता गरिबांच्या सरकारी योजनेतही नेऊन बसवली आहे.

महायुद्धाची ‘साइड इफेक्ट’

गोष्ट सुरू होते टेक्सासातल्या डलासमध्ये, १९२९ साली. तिथल्या बेलर हॉस्पिटलची बिलं थकत होती. मग जस्टिन किंबल नावाच्या गृहस्थांनी शहरातल्या शिक्षकांसाठी एक स्कीम काढली. महिन्याला ५० सेंट भरा आणि वर्षात २१ दिवसांपर्यंत हॉस्पिटलात राहण्याची सोय मिळवा. पुढे ‘ब्लू क्रॉस’ म्हणून देशभर पसरलेल्या विम्याचं मूळ हेच.

पण खरा टर्निंग पॉइंट आला दुसऱ्या महायुद्धात. तरुण आघाडीवर गेलेले, कारखान्यांत माणसांची चणचण. महागाई भडकू नये म्हणून सरकारने १९४२ मध्ये पगारवाढीवर लगाम घातला. आता पगार वाढवता येत नाही, तर माणसं खेचायची कशी? कंपन्यांनी शक्कल लढवली : आमच्याकडे या, आम्ही आरोग्य विमा देतो! सरकारनेही ‘विमा म्हणजे पगारवाढ नव्हे’ असं ठरवून टाकलं. पुढे १९५४ च्या करकायद्याने शिक्कामोर्तब केलं, की कंपनी जो विम्याचा हप्ता भरते, त्यावर कर्मचाऱ्याला टॅक्स नाही.

झालं! १९४० मध्ये दहातल्या जेमतेम एका अमेरिकनाकडे आरोग्य विमा होता. पन्नाशीच्या दशकात तो निम्म्याहून जास्त लोकांकडे पोचला. कुणी बसून धोरण आखलं नाही, कुणी त्यावर मतं मागितली नाहीत. युद्धकाळातली तात्पुरती सोय कायमची होऊन बसली.

पर्याय नव्हता असं नाही. राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५ मध्येच सगळ्यांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव संसदेपुढे ठेवला होता. अमेरिकन मेडिकल असोसिएशन, म्हणजे डॉक्टरांची संघटना, त्यावर तुटून पडली. ‘सोशलाइज्ड मेडिसिन’ हा शब्द त्यांनी असा काही चालवला, की शीतयुद्धाच्या हवेत सरकारी विमा म्हणजे थेट मॉस्कोची वाट वाटू लागली. १९६१ मध्ये याच प्रचारासाठी एक ग्रामोफोन रेकॉर्ड निघाली. तिच्यावर आवाज होता एका सिनेनटाचा, रोनाल्ड रीगन यांचा. अखेर १९६५ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी पासष्टीपुढच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणलं. सहीसाठी ते मुद्दाम ट्रुमन यांच्या गावी, मिसुरीतल्या इंडिपेंडन्सला गेले आणि मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांच्याच हातात दिलं. वीस वर्षं उशिरा, आणि तेही अर्ध्या स्वप्नाचं.

उरले कोण? पासष्टीच्या आतले, गरीब नसलेले. त्यांचं ऑफिस बघून घेईल, असं गृहीत धरलं गेलं.

सोन्याचा पिंजरा

आता तुम्ही म्हणाल, ऑफिस देतंय ना विमा, मग बिघडलं कुठे? बिघडलं ते असं. २०२५ मध्ये ऑफिसतर्फे मिळणाऱ्या फॅमिली पॉलिसीचा सरासरी वार्षिक हप्ता २६,९९३ डॉलर होता. त्यातले ६,८५० डॉलर कर्मचाऱ्याच्या पगारातून थेट कापले जातात. उरलेले कंपनी भरते. पण कंपनी ते कुठून आणते? तुमच्याच पगारवाढीतून! हप्ता वाढला, की इन्क्रिमेंट आक्रसतं. पे-स्लिपवर ही कपात दिसत नाही, म्हणून कुणी बोंब मारत नाही, एवढंच.

शिवाय पिंजरा तो पिंजराच. ‘जॉब लॉक’ असा खास शब्दच अमेरिकन अर्थशास्त्रात आहे. ब्रिजिट मेड्रियन या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९४ मध्ये हिशेब मांडला, की ऑफिसच्या विम्यामुळे स्वतःहून नोकरी सोडण्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटतं. म्हणजे ज्याला स्वतःचं वर्कशॉप काढायचंय, जिला दोन वर्षं आईजवळ राहायचंय, ज्याला बॉसच्या शिव्या नको झाल्यात, ते सगळे तिथेच राहतात. का? तर मुलाचा इनहेलर. उद्योजकतेचे गोडवे गाणाऱ्या देशाने आपल्याच माणसांच्या पायात ही बेडी अडकवून ठेवावी, याला काय म्हणायचं?

बरं, एवढं करून हाती काय लागतं? २०२३ मध्ये अमेरिकेने आरोग्यावर ४.९ लाख कोटी डॉलर खर्च केले. माणशी १४,५७० डॉलर! सरासरी आयुर्मान मात्र ७८.४ वर्षं. जपानी माणूस याहून कितीतरी कमी खर्चात साधारण ८४ वर्षं जगतो. यात बंदुका, अपघात, ड्रग्ज, खाणंपिणं यांचाही वाटा आहे, सगळं खापर विम्यावर फोडता येणार नाही. पण एवढे पैसे ओतूनही २०२४ मध्ये सुमारे २ कोटी ७० लाख लोकांकडे विमाच नव्हता. याचा दोष तरी दुसऱ्या कुणावर टाकायचा?

इन्शुरन्सची बाराखडी

*प्रीमियम* : दर महिन्याचा हप्ता. आजारी पडा अथवा न पडा, भरायचाच.

*डिडक्टिबल* : विमा कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. ऑफिसच्या पॉलिसीत २०२५ मध्ये एका माणसामागे सरासरी १,८८६ डॉलर.

*को-पे* : डॉक्टरकडे गेल्यावर दर वेळी काउंटरवर ठेवायचे पैसे.

*नेटवर्क* : विमा कंपनीशी करार असलेले डॉक्टर आणि हॉस्पिटलं. यादीबाहेर गेलात, तर बिल बघून पुन्हा आजारी पडाल.

*कोब्रा* : साप नव्हे, १९८० च्या दशकातला कायदा. नोकरी गेल्यावर जुनी पॉलिसी साधारण १८ महिने चालू ठेवता येते. अट एकच : आता कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर दोन टक्के खर्च. सरासरी फॅमिली पॉलिसी धरली, तर महिन्याला सुमारे २,३०० डॉलर. तेही पगार बंद झाल्यावर!

ओबामांनी काय केलं, काय राहिलं

मार्च २०१० मध्ये बराक ओबामांनी सही केलेला अफोर्डेबल केअर ॲक्ट, म्हणजेच ‘ओबामाकेअर’, हा या बेडीची एक कडी सैल करणारा कायदा. आधीपासून आजार आहे म्हणून विमा नाकारायला २०१४ पासून बंदी आली. मुलांना २६ वर्षांपर्यंत आई-वडिलांच्या पॉलिसीत राहता येऊ लागलं. ज्यांना ऑफिसच नाही, असे शेतकरी, फ्रीलान्सर, छोटे दुकानदार, टॅक्सीवाले यांच्यासाठी सरकारी सबसिडीचा विमाबाजार सुरू झाला. मेडिकेडची मर्यादाही वाढवली. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ही वाढ राज्यांच्या मर्जीवर सोडली. तरी आजवर ४० राज्यांनी ती स्वीकारली आहे.

ओबामांचा कारभार निर्दोष होता असंही नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये वेबसाइट पहिल्याच दिवशी झोपली. ‘तुमची पॉलिसी आवडत असेल तर ती तुमच्याकडेच राहील’ हे आश्वासन लाखो लोकांच्या बाबतीत खोटं ठरलं. आणि ऑफिस-विम्याच्या मुख्य डोलाऱ्याला त्यांनी हातच लावला नाही. लावला असता, तर कायदा पास झाला नसता.

तरीही एकदा हातात आलेली गोष्ट लोक सोडत नाहीत. २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या पक्षाने कायदा रद्द करायचा घाट घातला. २८ जुलैच्या पहाटे त्यांच्याच पक्षाचे जॉन मॅकेन, ब्रेन कॅन्सरचं निदान झालेलं असताना, सिनेटमध्ये आले आणि अंगठा खाली करून त्यांनी ‘नाही’ म्हटलं. विधेयक ४९ विरुद्ध ५१ ने पडलं.

कोविडच्या काळात, २०२१ मध्ये बायडेन सरकारने सबसिडी वाढवली आणि विमाबाजारातले ग्राहक २०२५ पर्यंत सुमारे २ कोटी ४० लाखांवर गेले. पण डेमोक्रॅट्सनी ही वाढ कायमची केली नाही. मुदत ठेवली २०२५ च्या अखेरची. तेव्हा खर्चाचा आकडा छोटा दिसावा म्हणून केलेली ही चलाखी नंतर लोकांच्याच अंगाशी आली.

मुदत संपत आली, तसा धुरळा उडाला. १ ऑक्टोबर २०२५ ला डेमोक्रॅट्स अडून बसले : सबसिडी वाढवा, नाहीतर खर्चाच्या बिलाला मत नाही. सरकार ४३ दिवस बंद राहिलं, अमेरिकेच्या इतिहासात तोवरचं सगळ्यात लांब. अखेर त्यांच्यातलेच काही सिनेटर फुटले, बदल्यात मिळालं फक्त मतदानाचं आश्वासन. डिसेंबरमध्ये मतदान झालं. ६० मतं हवी होती, ५१ पडली. ३१ डिसेंबरला वाढीव सबसिडी संपली. ‘केएफएफ’ या आरोग्य धोरणावर अभ्यास करणाऱ्या संस्थेने आधीच सांगून ठेवलं होतं, की तसं झालं तर सबसिडीवाल्या ग्राहकाला पडणारा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर जाईल. दुपटीहून जास्त! आणि एकट्या माणसाचं उत्पन्न वर्षाला साधारण ६२,६०० डॉलरच्या एक डॉलर जरी वर गेलं, तर सबसिडी शून्य.

गंमत म्हणजे या बाजारात सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं आहेत फ्लोरिडा आणि टेक्सासात. दोन्ही राज्यं २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या पाठीशी उभी राहिलेली. जॉर्जियाच्या तेव्हाच्या खासदार मार्जरी टेलर ग्रीन ट्रम्प यांच्या कट्टर समर्थक म्हणून गाजलेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनीही आपल्याच पक्षाला जाहीर सुनावलं, की माझ्या मुलांचेही हप्ते दुप्पट होताहेत!

‘आधी ऐंशी तास दाखवा’

सबसिडीवर कॅमेरे रोखलेले होते. त्याहून खोलवर जाणारा घाव मात्र आधीच, ४ जुलै २०२५ ला घालून झाला होता. त्या दिवशी ट्रम्प यांनी ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’वर सही केली. सिनेटमध्ये हे बिल ५०-५० वर अडलं होतं. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या एका मताने ते तरलं. अमेरिकन संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज असा, की या कायद्यामुळे २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांत एक कोटी लोकांची भर पडेल.

त्यातलं एक कलम नीट वाचण्यासारखं आहे. मेडिकेडच्या वाढीव मर्यादेत बसणाऱ्या १९ ते ६४ वयाच्या लोकांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा समाजसेवा केल्याचं दाखवायचं. नाही दाखवलं, तर विमा बंद. आजारी माणसं, तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे आई-वडील अशांना सूट आहे. राज्यांनी हे जानेवारी २०२७ पर्यंत लागू करायचं आहे, काहींना जास्तीची मुदत मिळू शकते.

ऐकायला चुकीचं वाटत नाही, नाही का? धडधाकट माणसाने काम करावं, फुकट खाऊ नये. आपल्याकडच्या कुठल्याही कट्ट्यावर यावर माना डोलतील. पण दोन गोष्टी बघा.

पहिली : हा प्रयोग करून झालाय. जून २०१८ मध्ये आर्कान्सा राज्याने हीच ऐंशी तासांची अट घातली. तास नोंदवायचे ते ऑनलाइन. ती वेबसाइट रात्री नऊ ते सकाळी सात बंद! दिवसभर हॉटेलात भांडी घासून घरी आलेल्या माणसाने फॉर्म भरायचा कधी? काही महिन्यांत १८ हजारांवर लोकांचा विमा गेला. मार्च २०१९ मध्ये कोर्टाने प्रकार थांबवला. हार्वर्डच्या अभ्यासकांनी मग तपासलं, तर रोजगार वाढलाच नव्हता. उलट ज्यांना अट लागू होती, त्यातले ९५ टक्क्यांहून जास्त लोक आधीच काम करत होते किंवा सूट मिळण्याजोगे होते. बळी गेले आळशी लोकांचे नव्हे, फॉर्म चुकलेल्यांचे.

दुसरी : विमा फुकट मिळाला, की माणूस काम सोडतो का? ओरेगॉन राज्यात २००८ मध्ये मेडिकेडच्या जागा कमी आणि इच्छुक जास्त, म्हणून चक्क लॉटरी काढली होती. नंबर लागलेले आणि न लागलेले यांची तुलना करण्याची नामी संधीच ती. निष्कर्ष असे : विमा मिळालेल्यांची कर्जं कमी झाली, नैराश्य कमी झालं. ब्लडप्रेशरमध्ये दोन वर्षांत ठोस फरक दिसला नाही, हेही खरं. पण नोकरी आणि कमाईवर कुठलाही लक्षणीय परिणाम झाला नाही. माणसं काम करतच राहिली.

क्रम उलटा लावला, की असंच होतं. आधी काम कर, मग औषध देतो, असं हे कलम म्हणतं. पण ज्याची कंबर धरलीय, ज्याला साखरेच्या गोळ्या मिळत नाहीत, तो काम करणार कशाच्या जोरावर?

समोरची बाजू

रिपब्लिकन मंडळींच्या सगळ्याच मुद्द्यांना हसून चालणार नाही. वाढीव सबसिडी कायम ठेवायची, तर दहा वर्षांत सुमारे ३५० अब्ज डॉलर लागतील. देश आधीच कर्जात बुडालेला. शिवाय सबसिडी दिल्याने हॉस्पिटलची बिलं कमी होत नाहीत, फक्त ती कोण भरणार एवढं बदलतं. हे खरंच आहे.

पण मग काटकसर सगळ्यांनाच लागू करा ना! ऑफिसच्या विम्यावर जी करमाफी मिळते, ती अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या करसवलतींपैकी एक. ज्याचा पगार मोठा, टॅक्सचा दर मोठा, त्याला फायदाही मोठा. म्हणजे सिलिकॉन व्हॅलीतल्या मॅनेजरलाही सरकार मदत करतंच. फक्त त्याच्याकडे महिन्याला ८० तासांचा हिशेब कुणी मागत नाही. त्याच्या मदतीला ‘बेनिफिट’ म्हणतात, भांडी घासणाऱ्याच्या मदतीला ‘खैरात’.

आणि शेवटी बिल चुकत नाहीच. १९८६ च्या कायद्याप्रमाणे इमर्जन्सीत आलेल्या रुग्णाला, पैसे असोत-नसोत, तपासून सावरावंच लागतं. पण केमो, रोजचं इन्सुलिन, गरोदरपणातली तपासणी यात येत नाही. म्हणजे शंभर डॉलरच्या गोळ्या नाकारायच्या आणि मग स्ट्रोक आल्यावर आयसीयूचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलायचा. याला काटकसर म्हणत नाहीत.

पुढाऱ्यांपेक्षा शहाणे लोक

आशेची जागा वॉशिंग्टनमध्ये सापडत नाही, मतपेटीत सापडते. २०१८ मध्ये आयडाहो, युटा आणि नेब्रास्का, २०२० मध्ये ओक्लाहोमा आणि मिसुरी, २०२२ मध्ये साउथ डकोटा. सगळी पक्की रिपब्लिकन राज्यं. प्रत्येक ठिकाणी मतदारांना थेट विचारलं : मेडिकेड वाढवायचं का? प्रत्येक ठिकाणी उत्तर आलं, ‘हो’. ट्रम्पना मत देणारा माणूस शेजारणीच्या औषधांनाही मत देऊ शकतो, हे या राज्यांनी दाखवून दिलं.

म्हणूनच हा डावा-उजवा वाद वरून दिसतो तेवढा पक्का नाही. विमा नोकरीपासून सोडवायचा, हे अवघड काम आहे. विमा कंपन्या विरोध करतील, हॉस्पिटलं करतील, इतकंच काय, लढून चांगल्या पॉलिसी मिळवलेल्या कामगार संघटनाही करतील. एका रात्रीत ते होणार नाही. पण ऑफिसचा विमा ही काही जगरहाटी नाही. १९४२ च्या पगारबंदीतून निघालेली ती एक पळवाट आहे, आणि माणसांनी केलेली गोष्ट माणसांना बदलता येते.

तोवर तिथल्या कुठल्याशा गावात कुणीतरी रात्रपाळी संपवून कॉम्प्युटरसमोर बसेल आणि या महिन्यात आपले तास ऐंशी भरले की एकोणऐंशी, ते मोजत राहील.